जीपीएस बसवलंय तरी अ‍ॅपवर बस गायब होते: वायफाय, लोरा घेण्याआधी हे तपासा

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात परत मांडतो. एका मध्यम शहरातली पालिकेची बससेवा आहे, साठेक गाड्या, सगळ्यांत एआयएस-१४० वाले (म्हणजे गाड्यांच्या ट्रॅकिंगच्या भारतीय स्टँडर्डचे) जीपीएस बॉक्स लागलेत, दोन मार्ग घाट ओलांडून पलीकडच्या गावांना जातात. अ‍ॅपवर गाड्या मध्येच गायब होतात, काही वेळा उलट्या मागे पळताना दिसतात, आणि कधी कधी ५ नंबरची बस ११ नंबरच्या रस्त्यावर दिसते. लोक वैतागलेत. साहेबांचं म्हणणं असं की मोबाईल नेटवर्कच बेभरवशाचं आहे, तेव्हा आपण आपलं स्वतःचं लोरा (छोटे संदेश हळू पण लांबवर पाठवणारं रेडिओ तंत्र) नेटवर्क उभं करू नाहीतर प्रत्येक थांब्यावर वायफाय लावू, आणि प्रश्न विचारणाऱ्याला यातलं काय घ्यावं ते ठरवायचंय.

मी गेली बरीच वर्षं बस ट्रॅकिंगचंच काम करतोय, बहुतेक वेळ सर्व्हरच्या बाजूने, पण डेपोत जाऊन डॅशबोर्ड उघडून बघायची सवय आहे. माझं सरळ मत: आत्ता यातलं काहीच घेऊ नका. तुमच्या तक्रारीत तीन वेगवेगळे घोळ एकत्र झालेत. गायब होणं वेगळं, मागे पळणं वेगळं, आणि चुकीच्या मार्गावर दिसणं तर पूर्णच वेगळं. यातल्या फक्त पहिल्याचा वायरलेसशी संबंध आहे, तोही अर्धवट. बाकीचे दोन तुम्ही शहरभर टॉवर उभे केले तरी तसेच राहणार.

आधी गायब होण्याचं बघू. जीपीएस रिसीव्हर फक्त ऐकतो, उपग्रहांचे सिग्नल घेऊन स्वतःची जागा काढतो, पाठवत काहीच नाही. पाठवायचं काम त्याच बॉक्समधला मोबाईल मोडेम करतो. आणि दोघांना वीज लागते. म्हणजे बस नकाशावरून गेली की कारण तीनपैकी एक असतं: जागा कळली नाही, जागा कळली पण पोचली नाही, किंवा बॉक्सच बंद पडला. हे ओळखायला नवीन काही विकत घ्यावं लागत नाही, बॉक्स दर काही सेकंदांनी सर्व्हरला जो छोटा संदेश पाठवतो त्या पॅकेटमध्येच सगळं आहे. एआयएस-१४० च्या पॅकेटमध्ये फिक्स आहे का नाही (म्हणजे जागा पक्की कळली का), किती उपग्रह दिसतायत, इग्निशन, मेन पॉवर चालू का बंद, आतल्या बॅटरीचं व्होल्टेज, ऑपरेटरचं नाव, सिग्नलची ताकद, टॉवरचा सेल आयडी, इतकं सगळं येतं आणि बहुतेक ठिकाणी अक्षांश-रेखांश सोडून बाकीचं कोणी उघडूनही बघत नाही.

एक आठवड्याचा कच्चा डेटा घ्या. प्रत्येक पॅकेटला दोन वेळा असतात, एक बॉक्सने लिहिलेली आणि एक सर्व्हरवर पोचल्याची. दोन्हींतला फरक काढा आणि तो नकाशावर रंगवा. बॉक्सची वेळ सलग आहे पण सर्व्हरवर उशिरा आलंय, तर नेटवर्कचा प्रश्न. पॅकेट वेळेवर येतायत पण उपग्रह तीन-चारच, तर अँटेनाचा प्रश्न, बॉक्स कुठेतरी पत्र्याखाली ढकललेला असणार. आणि बॉक्सच्याच वेळेत भगदाड आहे, त्या काळातलं नंतरही काही आलं नाही, तर वीज गेलेली. माझ्या बघण्यात हा तिसरा प्रकार लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच जास्त निघतो. टर्मिनसला गाडी उभी केली की ड्रायव्हर बॅटरीचा मेन स्विच काढतो, बॉक्स मग आतल्या बॅटरीवर जातो, स्टँडर्डप्रमाणे ती नवी असताना चार तास चालायला हवी पण दोन-तीन उन्हाळे डॅशबोर्डमागे काढल्यावर तिच्यात काय जीव राहतो ते उघडून बघा. काही गाड्यांत वायरमनने बॉक्सला भलत्याच फ्यूजवरून वीज दिलेली असते, तो फ्यूज उडाला की दुरुस्तीपर्यंत बस अदृश्य. याला लोरा काय करणार?

आता खरंच नेटवर्क जातं त्या भागाबद्दल. बस ट्रॅकिंगला डेटा किती लागतो याचा हिशोब एकदा साहेबांसमोर मांडा. एक पॅकेट साधारण अडीचशे बाइट धरा, दर १० सेकंदांना एक, गाडी १६ तास रस्त्यावर. झाली ५,७६० पॅकेटं, म्हणजे दीड एमबीच्या आत, पाठवण्याचा वरचा तांत्रिक भार धरून दिवसाला दोन एमबी. महिन्याला ६० एमबी. व्हॉट्सअ‍ॅपवर एका कुटुंबाच्या ग्रुपमध्ये याहून जास्त जातं. त्यामुळे ४जीचा वेग, ५जी वगैरे चर्चा इथे लागूच नाही, प्रश्न फक्त त्या जागी कुठल्या कंपनीचा सिग्नल आहे एवढाच असतो. आणि इथे एक गोष्ट नक्की तपासा, तुमचा मोडेम फक्त २जीचा आहे का. जिओकडे २जी मुळात नाहीच, एअरटेलने ३जी २०२० मध्ये बंद केलं, म्हणजे जुना मोडेम असेल तर ज्या गावात जिओचा टॉवर डोक्यावर आहे तिथेही तुमची बस मुकी. नवीन घेताना कॅट-१ चा (कमी वेगाच्या यंत्रांसाठीचा) ४जी मोडेम घ्या जो गरज पडली तर २जीवर येतो. एनबी-आयओटी (छोट्या यंत्रांसाठीचं अगदी कमी डेटाचं मोबाईल तंत्र) कोणी विकायला आलं तर नको म्हणा, ते पाण्याच्या मीटरसारख्या एका जागी बसलेल्या वस्तूंसाठी ठीक, चालत्या गाडीला एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना त्रास देतं.

एआयएस-१४० च्या बॉक्समध्ये ई-सिम (आतच बसवलेली सिम) असते आणि तिच्यात साधारणपणे दोन कंपन्यांची प्रोफाइल टाकलेली असतात. कागदावर एक गेली की दुसरी चालू होते. प्रत्यक्षात बरेच बॉक्स पहिल्या कंपनीचा शेवटचा धागा तुटेपर्यंत तिलाच धरून बसतात, सिग्नल इतका क्षीण की डेटा जात नाही पण नेटवर्क आहे असं दाखवतंय, तर बदलतच नाहीत. हे सेटिंग पुरवठादाराकडून बदलून घेता येतं: इतके सेकंद सर्व्हरची पोच आली नाही तर प्रोफाइल बदल, असं. कुठल्या ठिकाणी कुठली कंपनी चालते हे तुम्हाला वरच्या पॅकेटमधूनच कळेल, ऑपरेटर आणि सिग्नलची ताकद नकाशावर टाकली की तुमच्याच बसेसनी केलेलं फुकटचं सर्वेक्षण समोर येतं. घाटातले दोन मार्ग आधी याच पद्धतीने बघा.

लोराबद्दल साहेबांना उगाच नाही म्हणून चालणार नाही, आकडे द्या. भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो म्हणून ते आकर्षक वाटतं, सिमचं भाडं नाही, अंतर भरपूर. पण हे अंतर वेग घालवून मिळतं. सर्वात लांब जाणारं सेटिंग, एसएफ-१२, त्यात वीसेक बाइटचा छोटा संदेश हवेत सव्वा-दीड सेकंद राहतो. साठ गाड्या दर ३० सेकंदांना बोलल्या तर सेकंदाला दोन संदेश, म्हणजे प्रत्येक सेकंदात तीन सेकंदांचं बोलणं, आणि भारतासाठी लोरावॅनचे (लोरा नेटवर्कच्या नियमांचे) ठरलेले मूळ चॅनल तीनच. तिन्ही चॅनल काठोकाठ भरले. कोणी कधी बोलायचं हे ठरलेलं नसतं तेव्हा संदेश एकमेकांवर आपटतात, अशा पद्धतीत चॅनलच्या क्षमतेच्या जास्तीत जास्त १८ टक्केच पोचतं, तेही भार ५० टक्के असताना, आणि त्याच्यावर गेलात की जितकं जास्त पाठवाल तितकं कमी पोचतं. चॅनल वाढवून आठ केले तरी निम्म्याच्या आसपास संदेश आपटून वाया. सगळ्यात वेगवान सेटिंग, एसएफ-७ वर आणलं तर तोच संदेश ७० मिलिसेकंदांच्या आसपास उरकतो, गर्दीचा प्रश्न सुटला, पण मग अंतर कमी होतं आणि गेटवे (हे संदेश झेलून इंटरनेटवर पुढे पाठवणारे बॉक्स) वाढवावे लागतात. प्रत्येक गेटवेला उंच जागा, वीज, यूपीएस आणि परत इंटरनेट लागणार, जे घाटात तुम्ही कुठून आणणार? त्याच मोबाईल कंपनीकडून. ज्याला कंटाळून निघालो तिथेच परत, फक्त मध्ये एक देखभालीचं नवं खातं वाढलं.

थांब्यावरच्या वायफायचं आणखी सोपं आहे. बस थांब्यावर काही सेकंद थांबते, जोडणी व्हायलाच त्यातला बराच वेळ जातो, आणि दोन थांब्यांच्या मध्ये अंधार. पण वायफायची योग्य जागा डेपो आहे. रात्री गाडी आत आली की वेळापत्रक, घोषणांच्या फायली, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग असला जड माल तिथे चढवा-उतरवा. लंडनच्या आयबस यंत्रणेत, जी २००९ पर्यंत तिथल्या साधारण आठ हजार बसेसवर लागली, हेच आहे: गॅरेजमध्ये वायफाय, रस्त्यावर मोबाईल डेटा. त्याच्या आधी लंडनमध्ये रस्त्याच्या कडेला खांबांवर बीकन (आपली खूण पाठवणारे छोटे रेडिओ) लावलेले होते, बस त्याच्यापुढून गेली की कळायचं. जगभर बऱ्याच शहरांनी तो खांबांचा मार्ग सोडला कारण खांब सांभाळावे लागतात, मार्ग बदलला की खांब हलवावे लागतात. आपण २०२० नंतर तिकडे जायचं कारण मला दिसत नाही.

इथवर आलो तर एवढं पक्कं झालं की गायब होण्यातला बराच भाग वीज, अँटेना आणि सिमच्या सेटिंगचा आहे, आणि शेवटी घाटातला दहा-वीस मिनिटांचा एखादा खरोखरचा आंधळा तुकडा उरेल. तो उरू द्या. त्याचं काय करायचं ते खाली सांगतो.

मागे पळणारी बस त्याच तुकड्यातून जन्माला येते. नेटवर्क नसताना बॉक्स नोंदी साठवतो, स्टँडर्डनुसार किमान ४०,००० नोंदी मावल्या पाहिजेत, आणि नेटवर्क आलं की साठलेलं सगळं ओतायला लागतो. काही बॉक्स आधी जुनं, मग नवं पाठवतात, गावाहून परतलेल्या पोस्टमनने महिन्याची पत्रं तारखेच्या क्रमाने वाटावीत तसं, आजची तार सगळ्यात शेवटी. सर्व्हर जर जे शेवटचं आलं तीच बसची आत्ताची जागा असं धरत असेल तर घाट उतरलेली बस अ‍ॅपवर परत घाटाच्या पायथ्याला जाते आणि भराभर चढायला लागते. उपाय दोन ओळींचा आहे: पॅकेटवर लाइव्ह का हिस्टरी अशी खूण येते, एल किंवा एच, एच असेल तर ते इतिहासात टाका, नकाशाला हात लावू देऊ नका. आणि खुणेवरही आंधळा विश्वास नको, बॉक्सची वेळ आधीच्या जागेच्या वेळेपेक्षा जुनी असेल तर नकाशा हलवायचा नाही. बॉक्सची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) असते हेही लक्षात ठेवा, सर्व्हरवर कोणीतरी ती भारतीय वेळ समजून वापरली की सगळा हिशोब साडेपाच तासांनी सरकतो. ऐकायला बावळटपणा वाटतो, पण एकाच शहरात दोन पुरवठादारांचे बॉक्स असले की अर्ध्या गाड्यांचं बरोबर आणि अर्ध्यांचं चूक असा प्रकार होतो आणि मग सापडता सापडत नाही.

आता ५ नंबरची बस ११ नंबरच्या रस्त्यावर. माझ्या मते तुमच्या तिन्ही घोळांतला सगळ्यात मोठा हाच आहे, आणि यात वायरलेस कुठेच नाही. बॉक्सला फक्त एवढंच माहीत असतं की तो अमुक नंबर प्लेटच्या गाडीत आहे. ती गाडी आज कुठल्या मार्गावर आहे, कितवी फेरी आहे, जाताना का येताना, हे त्याला कोण सांगणार? सकाळी चार्टवर एक गाडी असते, ती सुरू होत नाही म्हणून स्पेअर काढतात, दुपारी ब्रेकडाऊन झालं म्हणून दुसऱ्या मार्गावरची ओढतात, ट्रॅफिक बघून कंट्रोलर एखादी फेरी अर्ध्यातून फिरवतो, आणि हे सगळं रजिस्टरमध्ये पेनाने नाहीतर फोनवर तोंडी. अ‍ॅप मात्र सकाळच्या चार्टला धरून बसलेलं. म्हणजे जागा अचूक आहे, पण नाव चुकीचं लागलंय, आणि प्रवाशाच्या दृष्टीने हे बस न दिसण्यापेक्षा वाईट कारण तो खोट्या बसची वाट बघत थांबतो.

यावर संगणकावर ड्युटी भरायला एक माणूस बसवा असं सगळे सुचवतात. पहिला महिना तो भरतो. माझा कल वेगळा आहे: जी नोंद पैशाशी बांधलेली असते ती बरोबर असते. तुमच्या वाहकाच्या हातात तिकीट मशीन आहे, तो वेबिल (त्या ड्युटीचा तिकीट-हिशोब) उघडतो, शेड्युल निवडतो, प्रत्येक फेरीला मार्ग आणि दिशा बदलतो कारण नाही बदलली तर टप्पे चुकतात, भाडं चुकतं आणि हिशोब त्याच्या अंगावर येतो. म्हणजे बस आत्ता कुठल्या फेरीवर आहे हे डेपोत कोणालाही नीट माहीत नसलं तरी मशीनला माहीत असतं. आता मशीनला फक्त हे कळायला हवं की आपण कुठल्या गाडीत आहोत. वेबिल उघडताना गाडीचा नंबर टाकायची सक्ती करा, किंवा गाडीत क्यूआर चिकटवा आणि स्कॅन करायला लावा. याहून सोपं म्हणजे प्रत्येक गाडीत एक छोटा ब्लूटूथ बीकन, अँड्रॉइडचं मशीन त्याला आपोआप ऐकतं, वाहकाला काही करावंच लागत नाही. बघा, साहेबांना वायरलेसवर खर्च करायचाच असेल तर तो इथे करा. शेजारी उभ्या बसचा बीकनही ऐकू येतो, त्यामुळे गाडी डेपोतून निघून थोडी पुढे गेल्यावर जो टिकून राहील तोच धरायचा.

तुमची मशीनं जुनी असतील, ऑनलाइन नसतील, तर दुसरा मार्ग अंदाजाचा. बसचा माग घ्या आणि तो कुठल्या मार्गाच्या आकाराशी, कुठल्या वेळापत्रकाशी जास्त जुळतो ते काढा. न्यूयॉर्कने ‘बस टाइम’ या आपल्या ट्रॅकिंग सेवेत, जे २०११ ला ब्रुकलिनच्या बी-६३ मार्गावर सुरू करून २०१४ पर्यंत सगळ्या शहरात नेलं, हाच विचार केला: ड्रायव्हरने बसवरच्या मार्गाच्या पाटीचा कोड चुकीचा टाकला असेल हे गृहीत धरून जीपीएस, कोड आणि वेळापत्रक तिन्ही एकत्र करून शक्यता काढायच्या. चांगलं चालतं, पण जिथे चार मार्ग स्टेशनपासून मुख्य चौकापर्यंत एकाच रस्त्याने जातात तिथे चौक ओलांडेपर्यंत गणिताला कळत नाही, आणि आपल्याकडे नेमकी गर्दी त्याच तुकड्यात असते. म्हणून मशीन असेल तर मशीनच.

आता तो घाटातला आंधळा तुकडा. लोकांना बस कुठे आहे यापेक्षा कधी येणार हे हवं असतं, आणि घाटात बसला दुसरीकडे जायला रस्ताच नाही. शेवटची जागा, शेवटची वेळ, आणि तुमच्याच गाड्या एरवी तो तुकडा किती मिनिटांत काढतात, एवढ्यावरून पलीकडच्या गावाचा अंदाज छान निघतो. फक्त अ‍ॅपवर ते लपवू नका. बस फिक्या रंगात दाखवा, खाली लिहा ‘१२ मिनिटांपूर्वीची माहिती’. शहरात मात्र नियम कडक ठेवा. जीटीएफएस रिअलटाइम हा जो बसची ताजी माहिती देण्यासाठी २०११ पासून सगळीकडे वापरला जाणारा फॉरमॅट आहे त्याच्या शिफारशीत फीड (बाहेर दिली जाणारी माहिती) किमान दर ३० सेकंदांनी ताजी करा आणि ९० सेकंदांपेक्षा जुनी जागा देऊ नका असं आहे, ते पाळा. शिळी जागा ताजी म्हणून दाखवण्यापेक्षा ‘माहिती नाही’ दाखवलेलं बरं, कारण तसं दिसलं की माणूस रिक्षा करायची का ते तरी ठरवतो.

कोणीतरी खाली विचारलंय की रेल्वेची गाडी तर जंगलातही दिसते मग बस का नाही. रेल्वेने इस्रोबरोबर आरटीआयएस (गाडीची ताजी जागा कळवणारी यंत्रणा) केलंय, इंजिनावरचा बॉक्स उपग्रहामार्फतही बोलतो, दर ३० सेकंदांना. एका इंजिनामागे हजार-दीड हजार माणसं असतात म्हणून ते परवडतं, चाळीस सीटच्या बसला नाही. आणि फोनमधली काही ट्रेन अ‍ॅप्स मोबाईल टॉवरवरून जागा ओळखतात ते रुळांवर चालतं, कारण गाडी रूळ सोडून जात नाही. शहरात टॉवरवरून काढलेली जागा शेकडो मीटरने चुकते, कुठला थांबा तेही सांगता येत नाही.

बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत हे कबूल. मशीनचा पुरवठादार त्याचा डेटा द्यायला तयार आहे का यावर निम्मं अवलंबून आहे, करार काढून वाचा. डोंगरावर पालिकेची स्वतःची पाण्याची टाकी, वीज आणि फायबर असेल तर तिथे एक लोरा गेटवे लावून घाटातल्या दोन मार्गांपुरता प्रयोग करायला माझी हरकत नाही, दहा गाड्यांना गर्दीचा प्रश्न येत नाही. ड्रायव्हर-कंडक्टरच्या संघटनेशी आधी बोला. पाळत ठेवायला लावलंय असं वाटलं की वायरी आपोआप सुटायला लागतात, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर तो संशय अगदीच चुकीचा नसतो, तेव्हा बाहेर जाणाऱ्या डेटात गाडी आणि फेरी एवढंच ठेवा, माणसाचं नाव नको.

आणि एक काम आजच करा. एआयएस-१४० चा बॉक्स किमान दोन वेगळ्या आयपी पत्त्यांना डेटा पाठवू शकतो. तुमचे किती पत्ते वापरात आहेत ते विचारा, जागा असेल तर त्यातला एक पालिकेच्या स्वतःच्या सर्व्हरवर वळवून घ्या. पुरवठादाराच्या डॅशबोर्डवरचे ठिपके बघून वर लिहिलेलं काहीच तपासता येत नाही, कच्ची पॅकेटंच लागतात. ती मिळाली की घाटातल्या मार्गावरच्या एका गाडीचा एका दिवसाचा डेटा नंबर प्लेट आणि आयएमईआय (मोडेमचा ओळख क्रमांक) काढून इथे टाका, तिन्हींपैकी नेमकं काय होतंय ते बघून सांगतो.